फील्ड गाईड घेतलं, पण त्यात बघायचं कसं?

बऱ्याच जणांचं असं होतं, की हौसेने पक्ष्यांचं नाहीतर झाडांचं फील्ड गाईड, म्हणजे बाहेर दिसलेलं ओळखायचं पुस्तक, घेतात, सुट्टीच्या दिवशी सकाळी बाहेर पडतात, पहिला पक्षी दिसला की लगेच पुस्तक उघडतात आणि पानं उलटत बसतात, चार पक्षी अगदी सारखे वाटतात, मान वर करून बघावं तर फांदीवरचा पक्षी केव्हाच उडालेला असतो. दोन-तीनदा असं झालं की पुस्तक कपाटात जातं ते जातंच. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण यात पुस्तकाची चूक नाही आणि त्या माणसाचीही नाही, ते वापरायचं कसं हे कुणी सांगितलेलंच नसतं. गाईड म्हटलं की आपल्याला शाळेतलं गाईड आठवतं, प्रश्न शोधा आणि खालचं उत्तर उतरवून घ्या. फील्ड गाईड तसं चालत नाही. इथे प्रश्न आधी आपण नीट मांडायचा असतो, तरच पुस्तक उत्तर देतं.

म्हणून मी नव्या माणसाला एकच क्रम सांगते आणि तो मोडू नका असंही सांगते. आधी बघायचं, मग लिहायचं आणि पुस्तक सगळ्यात शेवटी. पक्षी समोर असताना पुस्तक बंदच ठेवा. पुस्तक घरी गेल्यावरही तिथेच असणार आहे, पक्षी असणार नाही.

हे पुस्तक मुळात का झालं ते थोडं माहीत असलं तर ते वापरणं सोपं जातं. पूर्वी पक्षी ओळखायचा म्हणजे बहुतेक वेळा बंदुकीने पाडायचा, हातात घ्यायचा आणि मग पिसं मोजून, चोच मोजून नाव ठरवायचं, त्यामुळे जुन्या ग्रंथांमधली वर्णनं हातातल्या मेलेल्या पक्ष्याची असायची. १९३४ मध्ये रॉजर टोरी पीटरसन या अमेरिकन चित्रकाराने वेगळी पद्धत आणली. सारखे दिसणारे पक्षी एकाच पानावर, एकाच पोझमध्ये काढायचे आणि लांबून दिसेल अशी जी खूण एकाला दुसऱ्यापासून वेगळं करते, फक्त तिच्याकडे छोटी रेघ काढून बोट दाखवायचं. पंखावरचा पट्टा, डोळ्याभोवतीचं कडं, शेपटीची पांढरी कड. बास, एवढंच. आजची बहुतेक फील्ड गाईड याच विचारावर चालतात, मग ती पक्ष्यांची असोत, फुलपाखरांची असोत किंवा झाडांची. म्हणजे चित्र हुबेहूब जुळतंय का हे बघत बसायचं नाही, खूण शोधायची.

घरी बसून करायचं काम

पुस्तक आणलं की पहिले आठ-दहा दिवस ते बाहेर नेऊच नका. रोज थोडं घरी चाळा, झोपताना चाळा, आणि सुरुवातीची जी पानं सगळेजण सोडून देतात ती तर नक्की वाचा. पक्ष्याच्या अंगाचे भाग दाखवणारं चित्र, पानांच्या आकारांचा तक्ता, खुणांचा अर्थ, नकाशातले रंग, सगळं तिथेच दिलेलं असतं. नकाशात कुठला रंग बारमाही राहणाऱ्यांचा, कुठला फक्त हिवाळ्यात येणाऱ्यांचा, कुठला नुसतं जाता-येता थांबणाऱ्यांचा हे एकदा डोक्यात बसलं की अर्धे पर्याय पान उलटायच्या आधीच गळून पडतात. दिसलेला पक्षी आपल्या भागाच्या नकाशात नाहीच किंवा या महिन्यात इथे नसतो असं निघालं, तर आधी आपली ओळख चुकली असं धरायचं. वाट चुकलेले पक्षी येतात, नाही असं नाही, पण फार क्वचित.

पुस्तकातला क्रम बघून नवखे लोक वैतागतात, निळे पक्षी एकत्र का नाहीत म्हणून. बऱ्याच पुस्तकांत क्रम रंगाचा नसतो, नात्याचा असतो. बदकं एकीकडे, बगळे एकीकडे, शिकारी पक्षी एकीकडे, बारके किडे खाणारे शेवटी-शेवटी. एकदा का 'हे बदकासारखं पोहतंय', 'हे बगळ्यासारखं उभं आहे' असं घराणं ओळखायला लागलात की शेकडो पानांच्या जागी पाच-सहा पानंच बघावी लागतात. खरं कौशल्य म्हणतात ते हेच, घराणं आधी आणि नाव नंतर. मी स्वतः घराण्यांच्या पानांच्या कडेला रंगीत चिकटपट्ट्या लावते, पुस्तक जरा विचित्र दिसतं पण पान पटकन सापडतं.

मापाचं एक सांगते, कारण त्यात फसायला होतं. पुस्तकात पक्ष्याची लांबी दिलेली असते ती चोचीच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत, पक्षी आडवा ताणून ठेवल्यासारखी. त्यामुळे लांब शेपटीचा पक्षी कागदावर मोठा वाटतो आणि प्रत्यक्षात अंगाने एवढासा असतो. स्वर्गीय नर्तकाच्या नराचं बघा, अंग बुलबुलाएवढं आणि मागे शेपटीच्या फिती त्याहून लांब. सेंटिमीटर लक्षात ठेवण्यापेक्षा ओळखीच्या पक्ष्यांची पट्टी डोक्यात ठेवा. चिमणी साधारण १५ सेंमी, साळुंकी २३ ते २५, कबुतर ३३ च्या आसपास, कावळा ४० च्या पुढे, घार ५५ ते ६०. 'साळुंकीपेक्षा मोठा, कबुतरापेक्षा लहान' एवढं वहीत लिहिलेलं असलं तरी घरी आल्यावर खूप उपयोग होतो.

पुस्तक निवडताना फोटोवालं घ्यावं की चित्रवालं हा प्रश्न हमखास येतो. फोटो म्हणजे एक पक्षी, एक क्षण, एक ऊन. चित्रकार पन्नास पक्षी बघून त्या जातीचं सरासरी रूप काढतो आणि नर, मादी, पिल्लू, विणीचा पिसारा, एरवीचा पिसारा सगळं शेजारी-शेजारी ठेवतो. म्हणून पक्ष्यांसाठी माझा कल चित्रांकडे आहे. झाडं, फुलं, खडक यांना फोटो चालतात, पण एकाच झाडाचे निदान तीन-चार फोटो असावेत, नुसतं फुलाचं सुंदर क्लोजअप काही कामाचं नाही. आणि पुस्तक जितकं आपल्या भागापुरतं तितकं चांगलं. अख्ख्या खंडाचं पुस्तक घेतलं तर जे आपल्याकडे दिसणारच नाही त्याच्यातच डोकं अडकतं. सगळ्या विषयांची पुस्तकंही एकदम घेऊ नका, पहिलं वर्ष एकच विषय.

पक्षी समोर आहे, आता काय करायचं

समजा बगळाच दिसला. आपण म्हणतो बगळा आणि पुढे जातो, पण पांढरे बगळे चार तरी प्रकारचे असतात आणि ते चारही ओळखता आले की पुस्तक कसं वापरायचं ते हाताला लागतं, म्हणून मी नव्या माणसाला पहिल्यांदा बगळेच बघायला लावते. ते मोठे असतात, उघड्यावर उभे राहतात, बराच वेळ हलत नाहीत, यापेक्षा चांगला अभ्यास कुठला.

पुस्तक बंद ठेवून स्वतःला विचारा. केवढा आहे? कुठे उभा आहे, पाण्यात का गवतात का गुरांच्या पायाशी? चोचीचा रंग काय? पायाचा रंग काय आणि पायाची बोटं त्याच रंगाची आहेत का वेगळी? चोचीची फट, म्हणजे चोच उघडते तिथली रेघ, डोळ्याच्या कुठपर्यंत जाते? लिहून झालं की मग पुस्तक. चोच काळी, पाय काळे आणि बोटं मात्र पिवळी, जणू पिवळे मोजे घातलेत, तर तो लहान बगळा. बुटका, मान आखूड, चोच पिवळी आणि चरणाऱ्या गुरांच्या मागे-मागे चालतोय तर गायबगळा, विणीच्या दिवसांत त्याचं डोकं, मान आणि पाठ नारिंगी-पिवळी होते. आता मधला आणि मोठा हे दोघे राहिले आणि इथे भलेभले अडखळतात, कारण एकटा उभा असला की आकार कळत नाही. आणि चोचीच्या रंगावर जावं तर मोठ्या बगळ्याची एरवी पिवळी असणारी चोच विणीच्या काळात काळी होते. पण चोचीची फट बघितली तर गोंधळ संपतो, मोठ्या बगळ्यात ती रेघ डोळ्याच्या मागेपर्यंत जाते आणि मधल्यात डोळ्याखालीच थांबते. ही एक रेघ मला पहिल्यांदा स्वतःच्या डोळ्यांनी दिसली तेव्हाचा आनंद अजून आठवतो, इतकी वर्षं बघत आलेल्या पक्ष्यात एवढं काहीतरी होतं आणि मला दिसलंच नव्हतं.

यातून एक गोष्ट घ्या, रंगावर सगळी भिस्त ठेवू नका. उन्हाकडे तोंड करून बघितलं तर सगळेच पक्षी काळे दिसतात, ढगाळ हवेत हिरव्याचा करडा होतो. आकार, चोचीची ठेवण, बसायची पद्धत, शेपटी सारखी खालीवर हलवतोय का, बुंध्यावर सरळ चढतोय का, एकाच फांदीवरून उडून किडा पकडून परत तिथेच येतोय का, या गोष्टी उन्हामुळे बदलत नाहीत. जुने पक्षीनिरीक्षक लांबवरचा ठिपका बघून नाव सांगतात ते काही जादूने नाही, ते याच सवयींवरून.

दुर्बिणीचंही थोडक्यात. ८ बाय ४२ असं लिहिलेलं असतं त्यात ८ म्हणजे आठ पट जवळ दिसतं आणि ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. सुरुवातीला आठ पटच घ्या, दहा-बारा पटीला हाताची थरथरही तेवढीच मोठी होते. आणि पक्षी दिसला की नजर पक्ष्यावरून न काढता दुर्बीण डोळ्यांपाशी आणायची, खाली दुर्बिणीकडे बघून मग वर बघितलंत की पक्षी हरवलाच समजा. घरी खिडकीतून लांबच्या खांबावर दहा-वीसदा सराव केलात की जमतं.

झाडं पळून जात नाहीत, पण फसवतात जास्त

झाडाच्या बाबतीत सगळ्यांची पहिली चूक एकच असते, फुलावरून ओळखायला जातात. फूल वर्षातून थोडेच दिवस असतं. उरलेल्या दिवसांत पान, साल, फांद्यांची ठेवण आणि फळं यावरच काम चालतं, म्हणून पान वाचायला शिकणं आलंच.

पानाचा पहिला प्रश्न असा की हे एक पान आहे का पानाचा एक तुकडा आहे. साधं पान म्हणजे एका देठाला एक पातं. संयुक्त पान म्हणजे एका देठावर पुष्कळ पर्णिका, आपल्याला ती प्रत्येक वेगळं पान वाटते आणि तिथून पुढे सगळं चुकत जातं. हे ठरवायची युक्ती सोपी आहे. देठ फांदीला जिथे जोडलेला असतो त्या बेचक्यात बारीकशी कळी असते, तिच्यातून पुढे नवी फांदी येते. पर्णिकेच्या बुडाशी अशी कळी कधीच नसते. म्हणजे कळीपासून पुढे जे काही आहे ते सगळं मिळून एक पान. कडुनिंबाची जी पिसासारखी डहाळी आपण तोडतो ती डहाळी नाहीच, ते एक पान आहे.

आता शेजारी बकाण निंब ठेवून बघा. दोघं एकाच कुळातले, लांबून जुळे वाटतात आणि कित्येक जण बकाणालाच कडुनिंब समजत असतात. कडुनिंबाचं पान एकदाच विभागलेलं, मधल्या दांडीच्या दोन्ही बाजूंना विळ्यासारख्या वाकड्या दातेरी पर्णिका. बकाणाचं पान दोनदा-तीनदा विभागलेलं, म्हणजे मधल्या दांडीतून बाजूच्या दांड्या निघतात आणि पर्णिका त्यांच्यावर असतात. फुलं आली तर प्रश्नच मिटतो, कडुनिंबाची पांढरी, बकाणाची जांभळट. आणि पानं गळल्यावरही बकाणाची पिवळी गोल फळं घोसाने लटकत राहतात. ही दोन झाडं शेजारी ठेवून एकदा बघितलीत की 'विभागलेलं पान' म्हणजे काय ते कधी विसरणार नाही.

पुढचे प्रश्न भराभर विचारायचे. पानं फांदीवर समोरासमोर आहेत का एकाआड एक? कड साधी का दातेरी? देठ तुटल्यावर चीक येतो का? चुरगळल्यावर वास कसला? खालून लव आहे का? दहा पट मोठं दाखवणारं छोटं भिंग जवळ असलं तर फार मजा येते, फक्त ते पानाजवळ धरून लांबून बघायचं नाही. भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवायचं आणि पान हळूहळू भिंगाकडे आणायचं. पहिल्यांदा लव, ग्रंथी, परागकण दिसतात तेव्हा लहान-मोठे सगळेच गप्प होतात.

झाडांच्या पुस्तकात चित्रांशिवाय एक किल्ली असते आणि लोक तिला घाबरतात. प्रत्येक पायरीला दोन पर्याय असतात, 'पानं समोरासमोर असली तर २ कडे जा, एकाआड एक असली तर ७ कडे जा', असं करत-करत शेवटी नाव येतं. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लामार्कने १७७८ मध्ये फ्रान्सच्या वनस्पतींसाठी ही पद्धत वापरली आणि ती अजून टिकली आहे, कारण गणितच तसं आहे, दहा पायऱ्या म्हणजे हजाराहून जास्त वेगळ्या वाटा होतात. वापरताना काही गोष्टी सांभाळा. दोन्ही पर्याय पूर्ण वाचल्याशिवाय निवडू नका, पहिलाच बरा वाटला म्हणून पुढे गेलात की फसलात. 'मोठं पान' असं डोळ्याने ठरवू नका, मोजपट्टी लावा. एकच पान घेऊन बसू नका, बुंध्यातून फुटलेल्या कोवळ्या फुटव्यांची पानं पुष्कळदा वेगळीच असतात, वरच्या फांद्यांवरची पाच-सहा बघा. कुठल्या पायरीला अडलात तर तिथे खूण करून दोन्ही वाटांनी जाऊन बघा, चुकीची वाट लवकरच असं काहीतरी विचारते जे आपल्या झाडात नाहीच. आणि नाव आलं की थांबायचं नाही, पूर्ण वर्णन वाचून ताळा करायचा, गणितात करतो तसा.

नावांबद्दल बोलावंच लागेल, कारण आपली बोलीतली नावं मला जीव की प्राण आहेत पण ओळख पक्की करायला ती पुरत नाहीत. रस्त्याच्या कडेला उंच, सरळ, लांब कुरळ्या कडांच्या पानांचं झाड असतं त्याला सगळे अशोक म्हणतात. सीतेचा अशोक वेगळा, नारिंगी-लाल फुलांच्या गुच्छांचा, त्याचं कुळसुद्धा वेगळं. एक नाव आणि दोन झाडं. शास्त्रीय नाव म्हणून लागतं. स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअस याने १७५३ मध्ये वनस्पतींसाठी दोन शब्दांच्या नावाची पद्धत रुजवली, पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा, अगदी आडनाव आधी आणि नाव नंतर लिहितात तसं. तीच नावं जगभर चालतात. पण तीही बदलतात बरं का. बाभूळ जुन्या पुस्तकात अकेशिया म्हणून सापडेल आणि नव्यात वॅचेलिया म्हणून, खैर झाला सेनेगालिया. एवढ्या मोठ्या अकेशिया प्रजातीचे तुकडे करायची वेळ आली तेव्हा २००५ च्या व्हिएन्नातल्या वनस्पतिशास्त्र परिषदेत अकेशिया हे नाव मुख्यतः ऑस्ट्रेलियातल्या झाडांकडे राहील असं ठरलं, आणि २०११ मध्ये मेलबर्नच्या परिषदेत तेच कायम झालं. झाड तेच आहे. म्हणून जुनं पुस्तक टाकून देऊ नका, फक्त पेन्सिलने शेजारी नवं नाव लिहून ठेवा.

फुलं-पानं तोडण्याबद्दल माझं मत कडक आहे. खाली पडलेलं मिळत असेल तर तेच उचला. त्या जागी एकच रोप असेल तर हात लावू नका, फोटो काढा. फोटोही एक नको. पूर्ण झाड, साल, पान वरून, पान खालून, पान फांदीला जिथे जोडलंय ती जागा, फूल समोरून आणि बाजूने, फळ, आणि एका फोटोत मापासाठी पेन्सिल. नुसत्या फुलाचा फोटो पाठवून 'हे काय आहे' विचारलं की सांगणाऱ्याचा नाइलाज होतो.

इथे पुस्तकावर जीव टाकायचा नाही

रानातलं काहीही फील्ड गाईडमधल्या चित्राशी जुळलं म्हणून तोंडात घालू नका. अळंब्यांच्या बाबतीत तर मुळीच नाही. डेथ कॅप नावाची विषारी अळंबी खाल्ल्यावर सहा तास किंवा त्याहून जास्त वेळ काहीच होत नाही, आणि त्रास सुरू होईपर्यंत विष यकृतापर्यंत पोचलेलं असतं. ती खाण्याच्या अळंब्यांसारखीच दिसते आणि शिजवल्यानेही तिचं विष जात नाही. अळंबी बघा, फोटो काढा, तिची छत्री कागदावर पालथी ठेवून बीजाणूंचा ठसा घ्या, तो फार सुंदर येतो. पण ताटात नको.

सापाचंही तसंच. मण्यार विषारी आणि कवड्या बिनविषारी, दोघांच्याही अंगावर पांढरट पट्टे. पुस्तकात फरक दिलेला असतो, कवड्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होतात, मण्यारीचे डोक्यापासून जरा मागे सुरू होतात आणि शेपटीपर्यंत ठळक राहतात, शिवाय मण्यारीच्या पाठीच्या मधोमध मोठ्या षटकोनी खवल्यांची रांग असते. हे सगळं माहीत असावं, पण खवले मोजायला जवळ जाण्यासाठी नाही. पिल्लांत आणि एखाद्या सापात खुणा पुसट असतात. लांबून बघायचं, लांबूनच फोटो, आणि शंका असेल तर विषारीच समजायचं.

फुलपाखरांत नक्कल हा वेगळाच विषय आहे. प्लेन टायगर नावाचं नारिंगी फुलपाखरू पक्ष्यांना चवीला वाईट लागतं, म्हणून डॅनेड एगफ्लाय या दुसऱ्या फुलपाखराची मादी हुबेहूब त्याच्यासारखी दिसते. मागच्या पंखाच्या मध्यावर तीन-चार काळे ठिपके असले तर प्लेन टायगर, आणि वरच्या कडेला एकच असला तर एगफ्लाय. फुलपाखरू पंख मिटून बसलं की खालची बाजूही नक्की बघा, बऱ्याच जातींची ओळख खालच्या नक्षीवरच ठरते.

प्राणी स्वतः फार कमी दिसतात, त्यांचे ठसे जास्त दिसतात. ओल्या मातीत ठसा मिळाला तर आधी नखांच्या खुणा शोधा. मांजराच्या कुळातले प्राणी चालताना नखं आत घेतात म्हणून ठशात नखं सहसा उमटत नाहीत (चित्ता मात्र अपवाद), कुत्र्या-कोल्ह्यांची उमटतात. मग पंजाच्या मधल्या मोठ्या गादीची मागची कड बघा, मांजरकुळात तिला तीन गोलसर फुगे दिसतात. शेजारी मोजपट्टी ठेवून अगदी वरून फोटो घ्या, तिरका घेतला की माप चुकतं.

दगड आणि जमीन वाचणं

झाडं-पक्षी बघणारे लोक पायाखालच्या जमिनीकडे बघतच नाहीत याची मला खंत आहे, कारण कुठे काय उगवतं हे तिथूनच ठरतं. खडकांचं छोटं गाईड असलं तर दोन साध्या चाचण्या शिका. फ्रेडरिक मोस या खनिजशास्त्रज्ञाने १८१२ मध्ये कठीणपणाची १ ते १० अशी पट्टी केली, १ म्हणजे शंखजिरं आणि १० म्हणजे हिरा. आपलं नख साधारण २.५, चाकूचं पातं ५.५ च्या आसपास. पांढरा चकचकीत दगड सापडला, गारगोटी का कॅल्साइट कळत नाही, तर चाकूने ओरखडा काढा. कॅल्साइट ३ वर आहे, लगेच ओरखडा येतो. गारगोटी ७ वर आहे, तिच्यावर काहीच होत नाही, उलट तिने काच चरते. कॅल्साइटवर पातळ आम्लाचा थेंब टाकला तर बुडबुडेही येतात.

मग दगडाचा आकार बघा. गुळगुळीत गोल गोटा सापडला तर तो बहुतेक पाण्यातून लांबून आलाय, धारदार कडा असतील तर जवळूनच तुटलाय. वळणावर नदी बाहेरची बाजू कापते आणि आतल्या बाजूला वाळू टाकते, म्हणून पाणपक्ष्यांचे ठसे शोधायला आतली बाजू बरी. कड्यात षटकोनी खांब उभे दिसले तर तो लाव्हा थंड होताना आकसून तडकलाय. आणि समोच्च रेषांचा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा, नकाशा वाचायला शिकाच. रेषा जवळ-जवळ म्हणजे उभा चढ, लांब-लांब म्हणजे पसरट, आणि ओढा ओलांडताना रेषांचा जो व्ही होतो त्याचं टोक नेहमी ओढ्याच्या उगमाकडे असतं. हे कळलं की दाट सावली आणि ओल कुठे असणार हे निघायच्या आधीच कळतं, नेचे आणि शेवाळं तिथेच मिळतात.

अ‍ॅप आणि वही

अ‍ॅप वापरा, जरूर वापरा. मर्लिन पक्ष्याचा आवाज ऐकून नावं सुचवतं, आयनॅचरलिस्टवर फोटो टाकला की सूचना येतात आणि जाणकार लोक तपासून दुरुस्तही करतात, तिथे दोन तृतीयांशांहून जास्त लोकांचं एकमत झालं की नोंद संशोधनाच्या दर्जाची धरली जाते. पण अ‍ॅपने पहिलं दिलेलं नाव डोळे मिटून स्वीकारू नका. ते नाव घेऊन पुस्तकात जा, खुणा जुळतात का, नकाशा जुळतो का, महिना जुळतो का बघा. बागेत लावलेलं झाड असेल तर तसं नोंदवा, नाहीतर ते रानात उगवतं असा चुकीचा समज पसरतो. घरट्याची नेमकी जागा आणि दुर्मिळ ऑर्किडची जागा मात्र कुठेच टाकू नका, आणि पक्षी जवळ यावा म्हणून त्याचा आवाज वाजवत राहू नका, विणीच्या काळात तो बिचारा घरटं सोडून भांडायला येतो.

आणि वही. पेन्सिलनेच लिहा, शाई पावसात फुटते. तारीख, वेळ, जागा, हवा, काय करत होता, कशावर बसला होता. चित्र काढता येत नाही म्हणून सोडू नका, एक अंडाकृती काढायची, त्याला चोच-शेपटी लावायची आणि बाण काढून 'इथे पांढरं' लिहायचं, एवढं पुरतं. लांबच्या जंगलात वर्षातून एकदा जाण्यापेक्षा घराजवळची एकच वाट दर आठवड्याला चाला. तीच पंधरा झाडं, कुठल्या आठवड्यात पालवी, कधी कळी, कुठले किडे आले, ते खायला कोण आलं, हे सगळं वर्षभरात त्या वहीत साठतं आणि त्या वाटेपुरतं तुमचं स्वतःचं फील्ड गाईड तयार होतं. छापलेल्या पुस्तकात एवढं बारीक काही नसतं.

ज्याचं नाव सापडलं नाही त्याची नोंद खोडू नका. घराण्यापर्यंत पोचलात तर घराणं लिहा, 'बहुतेक वटवट्या, भुवई पांढरट, झुडपात खाली' एवढंच लिहा आणि पुढे प्रश्नचिन्ह टाका. माझ्या वहीत अशी प्रश्नचिन्हं बरीच आहेत, काहींवर आठ वर्षांनी नाव लिहिलंय, कारण तोच पक्षी पुन्हा त्याच झुडपात त्याच महिन्यात आला आणि या वेळेला मी कुठे बघायचं ते शिकले होते. त्या जुन्या पानावर मी नव्या शाईने नाव आणि तारीख लिहिते, पेन्सिलचं प्रश्नचिन्ह तसंच ठेवते.